देवळालीचा चहा

सुभेदार लहानू गांगुर्डे पान घेऊन आले
ते रुमालात गुंडाळून, वरून रबर लावून.
आमच्या पिंपळगावच्या लॅबमध्ये येतात ती द्राक्षाची पानं,
क्रेटभर, भुरीची, डाऊनीची,
आणि रिपोर्ट संध्याकाळच्या आत हवा असतो.
चहाचं पान मी पुस्तकाबाहेर पाहिलं नव्हतं.

एकच झाड आहे, म्हणाले. देवळाली कॅम्पात, गच्चीवर,
दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत.
जोरहाटहून रिटायर होऊन निघालो तेव्हा
मांडीवर घेऊन बसलो होतो गाडीत, तीन दिवस.
दुकानदार म्हणतो करपा. मोरचूद मारलं, दोनदा.
डाग हटत नाहीत.

तपकिरी डाग, मध्ये राखाडी,
वर्तुळात वर्तुळ, त्यांत मोहरीहून बारीक काळे ठिपके.
करपा मलाही वाटला.
पण डोळ्यांचं ऐकून मी एकदा
एका बागेला नको ते औषध पाजलंय.

मेलेल्या भागात नुसते उपरे सापडतात.
कापायचं ते कडेला,
जिथे तपकिरी अजून हिरव्याशी भांडतंय.
ब्लीचमध्ये मिनिटभर, मग तीनदा निर्जंतुक पाणी,
मग बटाट्याच्या आगरावर चार तुकडे.
पहिल्या खेपेला हिरवी बुरशी आली, भाकरीवरची.
चूक माझी.
दुसऱ्या खेपेला कापूस,
आठव्या दिवशी कापसावर शाईचे थेंब.

भिंगाखाली पाच खोल्यांची चाळ.
कडेच्या दोन रिकाम्या, पारदर्शक,
मधल्या तीन अंधाऱ्या,
एका टोकाला तीन मिशा, दुसऱ्याला एक शेपूट.
पेस्टालोशिऑप्सिस.
करप्याच्या बीजाणूला मिशा नसतात.

पण घरात सापडला म्हणून कोणी चोर ठरत नाही.
सुभेदारांना फोन केला, एक फांदी हवी, निरोगी.
त्यांनी आणली. सुई पाहून विचारलं,
"चांगल्या पानाला टोचणार?"
मी हो म्हटलं.
ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

एका पानाला बुरशी. शेजारच्याला नुसती सुई, नुसतं पाणी.
सहाव्या दिवशी एकावर तपकिरी, दुसऱ्यावर फक्त व्रण.
त्या तपकिरीतून पुन्हा तीच चाळ,
त्याच मिशा.

त्यांना दाखवलं.
एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखे
बराच वेळ वाकून राहिले.
"दिसायला बरा आहे," एवढंच म्हणाले.

रिपोर्टात लिहिलं: मोरचूद बंद.
डागाळलेली पानं तोडून जाळा.
पेटीला खालून भोकं पाडा, पाणी मुळाशी घाला, पानांवर नको.
'कुठून आला' या रकान्यापाशी मी थांबले.
गच्चीला लागून शेजारच्यांचा पेरू आहे, पेरूवरही असतो तो.
नाहीतर तीन दिवस,
गाडीत, त्यांच्याच मांडीवर.
रकाना कोरा ठेवून सही केली.

पैसे सुटे मोजून दिल्यावर
त्यांनी रुमाल परत मागितला.
पानाबरोबर आलेला, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये टाकला होता.
अजून गरम होता.