समुद्राकडचा बर्नर

फेतू डेक्कन कॉलेजात शिकतो, माझ्याकडे जेवतो.
पहिल्या दिवशी म्हटलं, काकू नको, ताई म्हण.
इतका हसला की ताक सांडलं.
त्यांच्याकडे ताई म्हणजे समुद्राची बाजू
आणि डोंगराची, उता.
डावं-उजवं गावात कुणी वापरत नाही.

गाव म्हणजे एकोणीस घरं, एक चर्च,
ओहोटीला वाळूतून वर येणारं गोडं पाणी,
बायका तेवढ्यात धुणं उरकायच्या.
एका रात्रीच्या लाटेनंतर
उरलेले सगळे वर राहायला गेले.
अंगणातल्या कबरी खालीच.
आजोबांवर आता भरतीला मासे चरतात, म्हणाला,
आणि आमटी मागून घेतली.

परवा विचारत होता, पुण्यात ताई कुठे?
मी खिडकीतून दाखवलं,
ती विश्रांतवाडीची टाकी, तिच्या पलीकडे,
घाट उतरला की.
चार तास. चहाला थांबलं तर पाच.
तो बराच वेळ टाकीकडेच बघत राहिला,
हात सुकले तरी.

आता माझंच बिघडलंय.
सुनेला म्हणते, समुद्राकडचा बर्नर बारीक कर.
ती बरोबर तोच करते.