चारशे एकोणीस ओळी

एकच ओळ बदलली होती मी.
पाणीपट्टीच्या थकबाकीत एक दिवस जास्त धरला जायचा,
तो काढला, जतन केलं, पाठवून दिलं
आणि पाइप कूलरच्या टाकीत सोडून
सहज फोन बघितला.
लांजेवारांचा निरोप:
"काऊन बे, चारशे एकोणीस ओळी?
नवीन घर बांधून राहिला का?"

फाईल उघडली. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं,
वरपासून खालपर्यंत,
आणि दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच.
शब्द जागचे हलले नव्हते.
हलली होती
शब्दांच्या आधीची मोकळी जागा.

माझ्या एडिटरनं, मला न विचारता,
जुनी प्रत्येक टॅब मोडून
चार-चार स्पेसची चिल्लर केली होती,
इतवारीतला दुकानदार
शंभराच्या नोटेचे सुटे ओंजळीत ओततो तशी.
रक्कम तीच.
खिसा मात्र लोंबतो.

पंचेचाळीस अंश. मनीषनगरात लाइट गेली,
आली, पुन्हा गेली.
इन्व्हर्टरच्या बारीक गुणगुणीत
मी सेटिंगं उपसत बसलो.
टॅबऐवजी स्पेस: नको.
जतन करताना सगळं नीटनेटकं करा:
इथं बोट थोडं अडखळलं.
ही खूण मी हौसेनं लावली होती,
पहिल्या पगाराच्या आठवड्यात,
दुसऱ्याच्या घरातली सतरंजीही
सरळ करणाऱ्या माणसाच्या उत्साहानं.
काढली.

मग कळलं, नियमाची फाईल होतीच.
टिंबानं सुरू होणारी, म्हणून यादीत न दिसणारी,
प्रकल्पाच्या अगदी उंबऱ्यावर,
नऊ वर्षांपासून.
माझा एडिटर ती ओलांडून आत जात होता.
आत तीनच ओळी.
समास टॅबनं सोडावा, एवढंच पहिल्या दोन सांगत होत्या.
रुंदी कुठंच नव्हती.
विसरले असतील, म्हटलं, आणि आठ लिहायला गेलो,
तर तिसरी ओळ, कुणीतरी कुणासाठी तरी ठेवलेली:
रुंदी ज्याची त्यानं ठरवावी. — नंदनवार

लांजेवारांना फोन लावला. हे नंदनवार कोण?

"थो आपला तिसऱ्या माळ्यावरचा.
डोळ्यानं कमी दिसते त्याले.
अक्षरं लिंबाएवढी करून वाचते.
आठ घरांची टॅब धरली
तं त्याची ओळ पडद्याबाहेर,
थेट कामठीले.
म्हणून त्याची दोन. माझी आठ.
फाईल तीच.
तू स्पेस टाकली
का मंग सगळ्यायलेच तुझंच माप."

लिफ्टमध्ये पाहिलंय मी त्यांना.
बटणाशी नाक नेऊन आकडा शोधणारे,
मी घाईत त्यांच्या आधीच दाबलेला.

लिहिलेलं आठ खोडलं.
फाईलला हातही लावला नाही पुढे.
फक्त एडिटरला सांगितलं, दारात शिरताना
आधी ही वाचत जा;
आणि माझ्या पडद्यापुरती
चार ठेवली, सवयीची.
जुनी प्रत परत आणली,
तो एक जास्तीचा दिवस पुन्हा काढला,
पाठवलं.

एक लाल ओळ. एक हिरवी.
बाकी सगळं पांढरं, स्वच्छ,
आणि त्या पांढऱ्यात किती घरं मोकळी आहेत
हे आता मला सांगता येणार नाही,
तिसऱ्या माळ्यावर वेगळी असतील.

लांजेवारांचं उत्तर एका शब्दाचं: "घेतलं."

मी खुर्चीत मागे रेललो,
तेवढ्यात खालच्या गॅलरीतून
उमरेडकरबाईंचा आवाज,
"अहो वरचे! पाऊस पाडून राहिले का?"

कूलर.