पडवळाचा दगड

मासेमारी बंद असते ते दोन महिने
आमच्या ओटीवर दोन माणसं विणतात.
हरेश्वर पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून
फाटलेलं जाळं भरत बसतो,
आणि उंबऱ्याशी मी, क्रोशाची सुई घेऊन,
टोकाला जराशी वाकलेली,
कारण स्वरूपाने एकदा तिनेच
चुलीतल्या आठळ्या टोचून बाहेर काढल्या होत्या.

चाळीस साखळ्या, एक्केचाळीस, बेचाळीस,
कुकरची शिट्टी होते
आणि मी आकडा विसरते.
तो मान वर न करता म्हणतो, "बेचाळीस."

मुका खांब म्हणतात या टाक्याला.
आमच्या घरात तसे दोन आहेत.
एक ओटीचा, ज्यावर इरली टांगतात,
दुसरा त्याला टेकून बसलेला.

मागीलदारी मांडवावर त्याचं जुनं जाळंच टाकलंय.
ज्या भोकांतून बांगडे निसटून गेले
त्यांतून आता पडवळं खाली उतरतात,
सावकाश, अंदाज घेत.
अळवाच्या पानांपर्यंत आली
की कुणी हाक मारल्यासारखी वळतात.
म्हणून टोकाला दगड बांधायचा.
पण काथ्या कोवळ्या सालीला काचतो,
म्हणून मी पिशव्या विणल्या,
नणंदेच्या बाळंतविड्यातून उरलेल्या दोऱ्याच्या.
एक पिवळी, दोन गुलाबी,
एक अर्धी-अर्धी, दोरा संपला म्हणून.
हर्णैच्या पुळणीवरचे गोटे
आत बरोबर बसले.

मामंजी छत्री घेऊन बघायला आले.
"दगडांना टोपडी! बारसं कधी मग?"
स्वरूपाने तोवर नावं ठेवलीसुद्धा.
सगळ्यात जड गोट्याचं नाव हेडबाई.
मेहरून मुकादम गडग्यापलीकडून म्हणाली,
तिलाही हव्यात पाच, पण हिरव्या,
वांदरांना लांबून दिसायला नकोत.
बदल्यात मिरचीचं रोप, मुळाच्या मातीसकट,
आणि वर मला ऐकवलं
की माझी अबोली फार उन्हात आहे.

हरेश्वरने एक पिशवी तळहातावर घेतली,
उलटी केली, ताणून बघितली.
"ह्यात गाठ खंय?"
"नाही. शेवटी एकच."
"म्हणजे ती सुटली की सगळं गेलं."
"गेलं तर परत विणायचं."
तो काही बोलला नाही.
जाळ्याच्या माणसाला हे पटणं कठीण आहे,
वाऱ्यात जे सुटतं
ते त्याच्याकडे परत येत नाही.

मग एका सकाळी
पिवळा दोरा सगळ्या परसात पसरलेला.
रात्री वारं होतं, की मुंगूस, की काय,
देव जाणे.
पडवळाच्या टोकापासून मिरचीला वळसा,
सोनटक्क्यातून, धुण्याच्या दगडावरून,
थेट गडग्याच्या फटीत.
हेडबाई चिखलात पडलेली.
स्वरूपा वाकून वाकून गुंडाळत गेली,
शाळेचा गणवेश घालून, चपला हातात घेऊन,
आणि मी ओरडायचं विसरून
तिचा गुंडा मोठा होताना बघत राहिले.

त्या दुपारी मी पिशवी परत विणली.
दोरा ओलसर, थोडा मातकट.
संध्याकाळी बघते तर तिच्या तोंडाशी
निळ्या नायलॉनची एक गाठ,
जाळ्याची, घट्ट, नखानेही न हलणारी.
कुणी मारली, विचारलं नाही.
तोही मांडवाकडे न बघता जेवला,
पडवळाची भाजी, ओलं खोबरं जास्त घातलेली,
दोनदा घेतली.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या.
ओटी झाडताना जाळ्याचे तुकडे निघतात,
माझ्या दोऱ्यांचेही, एकाच केरात.
काल रात्री त्याचा फोन आला, रेंज जेमतेम,
मागे इंजिनाचा आवाज.
पगाराचं नाही, भावाचं नाही,
स्वरूपाच्या तापाचंही नंतर.
आधी विचारलं,
"तां वाकडां सरळ झालां?"
"नाही," मी म्हटलं, "दगडासकट वळलं."
थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.
"मग तोडू नको," तो म्हणाला,
"तांच बियाण्याक ठेव."
आणि पुढचं काहीतरी,
ते तुटलं.