घरं मोजताना

चित्र कुरियरनं आलं, नळकांड्यात गुंडाळून.
पुण्याच्या एका हॉटेलवाल्याची ऑर्डर:
सहा बाय चार, भिंतीसाठी, विणून हवं.
हॉलंडातला गुत्ता, साडेतीनशे वर्षं जुना.
चिठ्ठीत लिहिलेलं, रंग मूळचेच ठेवा.

मूळचे म्हणजे तपकिरी.
तपकिरीच्या अकरा जाती
आणि एका बाईचा विटका लाल झगा.

चित्रकलेचे दासरी मास्तर चष्मा वर करून म्हणाले,
फुटकी चिलीम म्हणजे आयुष्य,
आडवा पडलेला जग म्हणजे अब्रू,
कुत्रा म्हणजे, अं, लोभ.
नीतीचा धडा आहे पोरी हा.

असेल.
मी आलेखाचा कागद पसरला.
एक घर, एक धागा. मला अर्थ लावायचे पैसे मिळत नाहीत.
पण मोजायला बसलं की माणसं शेजारी येऊन बसतात.
पिंपावरचा तो, मोजा घोट्यावर उतरलेला,
तीन घरांचे दात दाखवत हसणारा,
हा रात्रपाळी सुटून थेट इथं आलाय.
मागं फळीवर खडूच्या रेघा:
चार उभ्या, एक आडवी.
साखर पेठेत लक्ष्मय्याच्या शिंदीच्या दुकानात
याच रेघा कोळशानं असत,
त्यातल्या निम्म्या आमच्या.

कोपऱ्यात एक जण भिंतीकडे तोंड करून उभा.
हॉटेलवाला फोनवर म्हणाला, याला काढा,
फॅमिली येते आमच्याकडे.
काढला. तिथं एक पिंप वाढवलं.

आणि दार. अर्धं उघडं, वरचं फळकूट बाहेर,
उजेडात एक पोरगं, हनुवटी चौकटीवर टेकून.
मास्तरांना दिसलंच नाही ते.
सात घरं रुंद, नऊ घरं उंच.

आई सुपातल्या विड्यांवरून मान न उचलता म्हणायची,
जा, नायनाला बोलाव.
मी जायची. आंबूस वास, खारे शेंगदाणे,
मिलच्या भोंग्यानं बहिरे झालेले सगळे ओरडून बोलणारे,
आणि मधोमध माझा बाप,
कुणाची तरी नक्कल करत, लोकांना लोळवत.
घरी आम्ही कधी न ऐकलेला आवाज.

इंटिकी रा नायना, एवढंच म्हणायचं होतं.
मी लगेच म्हणायची नाही.
हे आईला अजून सांगितलेलं नाही.

पेंटप्पा मागावरून ओरडला,
हा पिवळा यादीत नाही, कुठं घालायचा?
दारात, म्हटलं.
पोराच्या गालावर. दोनच घरं.