दीड इंच लूज

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.
घरात कुणी जागं नाही, तरी न्हाणीघराला कडी लावून
मी ती काळी चड्डी चढवते.
मंजिरी तिला शॉर्ट्स म्हणते.
पुण्याला जाताना सायकल, हेल्मेट आणि ही,
तिन्ही माझ्या गळ्यात घालून गेली.
डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांसाठी सांगितलेलं
तिनंच जास्त मनावर घेतलं.

एकतीस वर्षं इंद्रकुंडाजवळ ब्लाउज शिवते मी.
अर्ध्या पंचवटीचे दंड मला इंचात ठाऊक.
कुणाचा डावा खांदा उतरलाय,
ऑपरेशननंतर कुणाची एक बाजू रिकामी आहे
आणि तिथं किती अस्तर भरलं की जगाला कळत नाही,
ते मला ठाऊक, माझ्या कात्रीला ठाऊक.
प्रत्येकीला दीड इंच लूज देते.
आत दाब ठेवते,
अंग सुटलं तर गुपचूप उसवता यावं म्हणून.

ह्या कापडात लूज नाही.
पोट, मांड्या, सिझेरियनची घडी,
सगळं जसंच्या तसं, अंगावरच टाचल्यासारखं.
वर ह्यांचा जुना शर्ट.
त्यावर ओढणी.
ओढणी चेनमध्ये अडकते, मंजिरीनं बजावलंय.
मग ओढणी दाराच्या खिळ्याला.
मग खिळ्यावरून काढून पिशवीत. असू दे.

रामवाडीच्या पुलावर बोटं बधिर.
पेपरवाला पोरगा वळून बघतो.
माझ्याकडे? की मागून येणाऱ्या रिक्षाकडे?
मी सीटवर आणखी चेपून बसते,
बसल्यानं झाकलं जातं जणू.

जुन्या गंगापूर नाक्याला सिग्नल लाल.
इतक्या पहाटे कशाला लाल?
आणि नेमक्या गायधनी बाई, फिरायला निघालेल्या.
दिवाळीत त्यांचा घेर मी वहीत उतरवला होता.
आज त्यांची पाळी.
"अगंबाई, वैजयंताबाई, तुम्ही?"
नजर वरून खाली, खालून वर,
टेप न लावता.
हिरवा लागेपर्यंत मी सुतासारखी सरळ.

दुगावच्या पुढे द्राक्षबाग, विरळणी चाललेली.
बायकांच्या लुगड्यांवर पुरुषांचे शर्ट, कानाला टॉवेल.
पाणी मागायला थांबले.
चांगुणाबाई, सत्तरीची असेल,
कासोटा असा आवळलेला की पोटरीच्या शिरा मोजाव्यात.
तिनं कळशी कलंडली आणि न विचारता
माझ्या मांडीवरचं कापड चिमटीत धरलं.
ताणलं. सोडलं. चट्‌कन जागेवर.
"लई ब्येस. तारेत गुतायचं न्हाई.
पन बुडाला ही गादी कशापायी?"
म्हटलं, सीट टोचते.
त्यावर ती जी हसली,
आणि तिच्यामागं सगळी रांग, हातात कात्र्या तशाच,
मला वाटलं आता रडू येणार.
मग मीही हसले.
शर्ट खाली ओढत ओढतच हसले.

"शिवलं कुनी?"
मशीननं, म्हटलं.
आणि पहिल्यांदा वाकून ती शिवण पाहिली.
सपाट, चार धाग्यांची, आत दाबच नाही.
उसवायची सोय नाही, वाढवायची नाही,
आणि तरी मी मावलेली.

परतताना शर्टात वारा भरला, मागं खेचायला लागला.
आनंदवल्लीला मी त्याची कमरेशी गाठ मारली.
नाक्याच्या अलीकडे सोडली.

दुकान उघडलं, मापांची वही काढली.
किती बायका आहेत तिच्यात. मी नाही.
स्वतःचं माप घेताना टेपचं दुसरं टोक पडत राहतं,
भिंतीला पाठीनं दाबून धरलं.
कंबर सदतीस.
सीट साडेबेचाळीस.
लूजच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली,
तेवढ्यात पायरीशी चपला वाजल्या.
वही मिटली मी,
बोट मात्र आतच राहिलं.