हिरव्या सुताची बरणी

दस्तगीरच्या भंगारात ती किलोच्या भावानं होती.
काट्यावर चढवली, आठशे साठ भरली,
डिकीतली माती आणि एक मेलेली घूस धरून.
"घुशीचं वजा करतो की ओ," दस्तगीर म्हणाला
आणि खरंच दोन किलो वजा केले.

चौसष्ट सालची फियाट. गिअर स्टिअरिंगला चिकटलेला,
दिवा एकच, पत्रा असा
की बोट लावावं तर आरपार.
टेम्पोतून उतरवताना अख्खी गल्ली जमली.
नरसम्मा दारातून हलली नाही.
"माग विकून जागा केली, ती हिच्यासाठी का?"
मी उत्तर दिलं नाही. मापं घेत होतो.
चार मागांच्या जागेत एक फियाट बसते,
वर एक खाट.

एकोणतीस वर्षं जॉबर होतो, अशोक चौकाच्या मागं.
धोटा अडायच्या आधी
एक ठोका किंचित उशिरा पडतो,
तो मला जेवताना, दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यायचा.
पण हिचं इंजिन मुकं. म्हणून खोललं.
एकेक नट रॉकेलात धुऊन
शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांत,
आणि बरणीच्या गळ्याला सूत:
लाल म्हणजे कार्बोरेटर, पिवळं ब्रेकचं,
हिरवं कशाचं,
ते बांधताना ठाऊक होतं.

घुशीनं खाल्लेली वायरिंग
मी विणकराच्या गाठीनं जोडली.
शेजारचा भूमेश आयटीआयला आहे, तो हसला,
"सोल्डर करा ओ काका."
केलं. पण गाठ आधी.

मे महिन्यात पान्याला हात लावायचा
तर पहाटे साडेचारला. त्यानंतर लोखंड चावतं.
दुपारभर ती ताडपत्रीखाली तापायची
आणि मी फरशीवर उघडा पडून
मनातल्या मनात टॅपेट लावायचो,
पहिला, तिसरा, चौथा,
दुसऱ्यापर्यंत डोळा लागायचा.

सीटला रेक्झिन परवडेना.
घरात शेवटच्या मागावरची शेवटची चादर होती,
मोरांची. विकायला गेली नव्हती,
कारण पंच कार्ड चुकून
एका मोराला मान आली नव्हती.
नरसम्मानं ती न बोलता कापली, न बोलता शिवली,
आणि असं बेतलं
की बिनमानेचा मोर बरोबर माझ्या बुडाखाली यावा.

दोन वर्षं, चार महिने.
मग एका सकाळी चोक ओढला,
ती खोकली, धूर सोडला, आणि चालूच राहिली.
भूमेश ओरडला. मी नाही.
एक ठोका उशिरा पडत होता.

पहिल्या फेरीला सात रस्त्यावर,
भर दुपारी, सिग्नल हिरवा होताना, बंद.
मागं रिक्षांचे भोंगे.
बॉनेट उघडलं. पेट्रोल पंपातच उकळून गेलेलं.
मी हात झटकत उभा,
तेवढ्यात नरसम्मा उतरली,
माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला,
बाटलीतलं सगळं पाणी त्यावर ओतलं
आणि विचारलं, "कुठं ठेवायचा?"
मी बोट दाखवलं.
चर्र झालं. वाफ तिच्या चष्म्यावर.
लहानपणी तापात पोरांच्या कपाळावर ठेवायची
तशीच घडी, चौपदरी.
पाच मिनिटांनी फियाट पुन्हा बोलली.
तेव्हापासून पाण्याच्या दोन बाटल्या डिकीत असतात.
एक प्यायची.

आता रविवारी ग्रीस, पंधरवड्याला पॉइंट घासायचे,
पावसाळ्याच्या तोंडावर दारांच्या खालच्या कडा.
संपत नाही हे. मागाचंही संपत नव्हतं,
फक्त तिथं मुकादम असायचा.

शहाबादी फरशीवर तिचं तेल गळतं, तळहाताएवढं.
नरसम्मा सकाळी दिवा लावायच्या आधी तो डाग बघते.
वाढला असेल तर मला उठवते.

हिरव्या सुताची बरणी फळीवरच आहे.
आत आठ नट, दोन वॉशर, एक स्प्रिंग.
त्यांच्याशिवाय ती अक्कलकोटपर्यंत जाऊन आली.
मी कुणाला सांगितलेलं नाही.
पण इंजिन सुरू झालं
की फळीवर ती बरणी वाजायला लागते.