तेरावा महिना

सलालाहच्या दवाखान्यातला कागद
मी परभणीपर्यंत एक्स-रेच्या पाकिटात घालून आणला,
घडी पडू नये म्हणून.
खिडकीतल्या साहेबांनी तो आधी उलटा धरला,
मग सुलटा, मग परत दिला.
बाई, याचं मराठी करून आणा.
आणि हे काय,
जन्म मार्चातला अन् वकिलातीत गेलात पुढच्या एप्रिलात?
वर्षाच्या आत जायचं असतं.
आता दिल्लीला विचारावं लागेल.
दुष्काळात तेरावा महिना,
रांगेत मागचं कुणीतरी बोललं.

काय सांगायचं?
नवऱ्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
किल्ली मालकाकडे, मालक गावाला.
अन् वकिलात मस्कतला.
परभणीहून मुंबईला जाऊन परत यावं,
तेवढा रस्ता, नुसती वाळू.
सांगितलं नाही.
लेकरू कडेवर पेंगलं होतं,
हात भरून आला होता.

दर्गा रोडला खलीलोद्दीन सर राहतात.
निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद घेऊन
बांधाला भांडणारे लोक त्यांच्या ओट्यावर बसलेले असतात.
सरांनी भिंग लावलं.
म्हणाले, अरबीत प नाही, चही नाही,
म्हणून तुम्ही इथं पंचशीला नाही, बनशशीला.
परभणीचं झालंय बरबनी.
पोरीच्या नावातल्या व चा फ केलाय. ओफी.

ओवी खदखदून हसली.
त्या दिवशी दिवे लागेपर्यंत
ती दुसऱ्या कुठल्याच नावाला ओ देईना.

तारखा दोन होत्या, एक चंद्राची, एक सगळ्यांची.
सरांनी दोन्ही उतरवल्या, बोटांवर मोजून पाहिल्या.
तेरा महिने, ते म्हणाले.
अहो, मी निजामाच्या राज्यात जन्मलो.
देश झाला ऑगस्टात,
आपण आलो त्याच्या पुढच्या सप्टेंबरात.
मोजा.
तुम्ही, मी, हा अख्खा मराठवाडा
तेरा महिने उशिराच आहे.
मला तर कुणी अर्जही भरायला लावला नाही,
दोन वर्षांचा होतो.
एवढं बोलून ते थांबले.
त्या सप्टेंबरातलं आणखी काही होतं बहुतेक.
चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला,
मग सही केली.
पैसे घेतले नाहीत. झेरॉक्सचे दोन रुपये तेवढे घेतले.

आज पुन्हा तीच खिडकी.
फॉर्मातला सोळावा रकाना:
अर्जदाराचे भारतात प्रथम आगमन, दिनांक.
पेन थांबलं.
एकेरी प्रवासाच्या कागदावर उतरलो, ती तारीख पाठ आहे.
पण त्याच्या आधी
पाचवा महिना लागताना
सेलूच्या स्टेशनवर, बाकड्यावर,
नांदेडची गाडी दीड तास लेट असताना
पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.
मी शेंगा फोडत होते. हात तसाच राहिला.
शेजारच्या बाईंना न सांगताच कळलं,
त्यांनी सरकून जागा दिली.

तो दिवस कोणता होता, मला आठवत नाही.
मंगळवार असावा, बाजार होता.

ओ ताई, साहेब म्हणाले,
विमानतळाच्या शिक्क्यावर असेल तीच लिहा.

लिहिली.
शाई वाळेपर्यंत फुंकर ओवीने घातली.